लाल आणि हिरवा मिळून

आमच्या घरात एका प्रश्नावरून आठ वर्षं भांडण चाललं होतं, आणि तो प्रश्न जमिनीचा नव्हता की दागिन्यांचा. लाल आणि हिरवा मिळून काय होतं? आमचे हे म्हणत, चिखल. लेक म्हणे, पिवळा. मी पडदे शिवणारी बाई. दोघांच्या मध्ये बसून सुईत दोरा ओवायचा आणि ‘आधी चहा घ्या’ म्हणायचं, एवढंच माझ्या हाती होतं.

हे म्हणजे नाट्यगृहाचे पडदे रंगवणारे. रंगमंचाच्या मागे एक उंच खोली आहे, तिला सगळे रंगखोली म्हणतात. तिथे जमिनीवर कापड पसरून, हातभर दांड्याचा कुंचला घेऊन, त्या कापडावरूनच अनवाणी चालत ह्यांनी चाळीस वर्षं आभाळं, डोंगर, राजवाडे आणि तुरुंग रंगवले. कोपऱ्यात शेगडीवर सरस शिजत असे, कारण पावडरीचा रंग सरसात कालवल्याशिवाय कापडाला धरत नाही. त्या वासाने नवे नट नाक दाबून पळत. मला मात्र तो वास आला की बरं वाटे. आमचा माणूस जागेवर आहे एवढं कळे.

रंग कालवला की हे आधी डाव्या अंगठ्याच्या नखावर लावून बघणार. लग्नाच्या फोटोत ह्यांचा डावा अंगठा निळा आहे. माझ्या आईने तेव्हा ‘जावयाला काही रोग तर नाही ना’ म्हणून हळूच विचारलं होतं. दुसरी खोड म्हणजे काळा रंग विकत घ्यायचा नाही. लाल, निळा, पिवळा कालवून काळा आपल्या हाताने करायचा. ‘विकतचा काळा मेलेला असतो,’ हे म्हणत. कुणी वाद घातलाच तर त्याच्या हातात डबा देऊन म्हणत, ‘तू करून दाखव.’

आणि तिसरी खोड सगळ्यात मोठी. दुपारी चार वाजता दिवेवाले आले की हे घरी निघाले. चाळीस वर्षांत ह्यांनी स्वतःचा एकही पडदा नाटकात पाहिला नाही. खोटं सांगत नाही. दिवसभर राबून स्वयंपाक करावा आणि पान वाढलं की उठून जावं, तसलं हे. का, तर म्हणे, ‘दिवे लावले की माझा रंग माझा राहत नाही. मला नाही ते बघवत.’

अशा माणसाच्या पोटी दिवेवाली जन्माला आली!

लहानपणी ती ह्यांच्या मागे मागे फिरायची. पाच वर्षांची असताना निळ्यात पिवळा घालून हिरवा करायची आणि स्वतःच टाळ्या वाजवायची. कुंचला हिच्याच हातात द्यायचा असं ह्यांनी मनात धरलं होतं. पण मोठी झाल्यावर बाईसाहेब शिडी चढून वर गेल्या त्या दिव्यांपाशीच रमल्या. आठ वर्षांपूर्वी एक दिवस धावत घरी आली, चप्पलसुद्धा काढली नाही, आणि ओरडली, ‘बाबा, लाल आणि हिरवा उजेड मिळून पिवळा होतो!’ त्या दिवशी नाट्यगृहातले सुतार आमच्याकडे बसले होते. ह्यांनी त्यांच्यासमोर हसून म्हटलं, ‘चाळीस डबे आण, चाळीसही वेळा चिखलच होईल.’ सुतारही हसले. लेकीचं तोंड एवढंसं झालं. ‘चला, दाखवते,’ ती म्हणाली. ‘मला दिवे बघायचे नाहीत,’ हे म्हणाले. तिथे गाडी जी अडली ती अडलीच. तिचाही हट्ट काही कमी नाही. खाण तशी माती.

यंदा नवं नाटक आलं आणि त्याबरोबर नव्या दिग्दर्शकबाई. वयाने लेकीएवढ्या, बोलायला गोड, पण मनात आलेलं सोडणाऱ्यातल्या नव्हेत. नाटकात एक बाई अंगणात, वठलेल्या झाडाखाली उभी राहून भावाची वाट बघते. संध्याकाळ होते, रात्र सरते, पहाट होते, ती जागची हलत नाही. दिग्दर्शकबाईंना हवं होतं की पहाटे ते वठलेलं झाड तिच्या मागे पालवावं. पडदा पाडायचा नाही, अंधार करायचा नाही. लोकांच्या डोळ्यांदेखत पानं फुटली पाहिजेत.

‘त्याला दोन पडदे लागतील,’ हे म्हणाले. ‘आणि ते बदलायला अंधार लागेल. कापडाला पानं फुटत नाहीत, बाई.’

‘बरं काका, मग नुसतं वठलेलंच करा,’ त्या म्हणाल्या, पण चेहरा पडला.

ह्यांनी झोकात पडदा केला. अंगण, हिरवी झुडपं, मागे लाल छपराचं घर, मधोमध झाड. मला विचाराल तर गेल्या दहा वर्षांतला सगळ्यात देखणा. सोमवारी तो टांगला, आणि दिग्दर्शकबाईंनी ह्यांना चारनंतर थांबवूनच घेतलं. आजवर आमच्याकडे नाटकाला दिवे साधे, पिवळट असत. या बाईंनी लेकीला रंगीत दिव्यांची मोकळीक दिली होती. लेकीने मावळतीसाठी लाल उजेड सोडला मात्र, पडद्याचा पार विचका झाला. हिरवी झुडपं कोळशासारखी काळी पडली. घराचं लाल छप्पर आभाळात विरून गेलं आणि घर बोडकं उभं राहिलं. एका बाजूच्या दिव्याने माझी शिवणही उघडी पडली, तेव्हा मी ह्यांना हसायच्या जागी नव्हतेच.

हे नुसते बघत राहिले. चाळीस वर्षांत पहिल्यांदा बघितलं आणि हे बघितलं.

‘बाबा, मी मुद्दाम नाही हो केलं,’ लेक वरून म्हणाली.

‘काका, राग मानू नका,’ दिग्दर्शकबाई म्हणाल्या, ‘पण गुरुवारी रंगीत तालीम आहे. तोवर जमलं तर हा पडदा, नाहीतर मी साधं पांढरं कापड लावते आणि त्यावर नुसता उजेड टाकते. तसंही यापुढे मला वाटतं कापडच पुरेल.’

यापुढे! तो शब्द माझ्या काळजात रुतला. मंगळवारी सकाळी आम्ही रंगखोलीत गेलो तर तिथे मोडक्या खुर्च्या आणून रचल्या होत्या. खोली रिकामी होणारच आहे असं कुणीतरी धरूनच चाललं होतं. आणि ते पांढरं कापड शिवायला कुणाकडे आलं? माझ्याकडे. नवऱ्याचं काम घालवणारं कापड बायकोने शिवायचं! मी एक शिवण मुद्दाम उलटी घातली आणि सगळी उसवून परत घातली. तेवढाच वेळ गेला.

हे मात्र खुर्च्या बाजूला सारून कामाला लागले. ‘आभाळ जागोजाग गडद झालंय, ते उजळतो,’ म्हणाले. पडदा रंगमंचावर टांगलेलाच होता. हे शिडीवर चढले. वर लेक तिचे लाल दिवे जागेवर बसवत होती.

‘बाबा, दहा मिनिटं थांबा. लाल दिवा चालू आहे, नीट दिसायचं नाही.’

‘चाळीस वर्षं झाली,’ हे म्हणाले. ‘डोळे बांधून रंगवीन.’

खाली डबे ठेवले होते. ह्यांनी पांढऱ्याचा डबा उचलला आणि आभाळातले गडद डाग पुसत सुटले. मी पलीकडे शिवत बसले होते. काम सुरेख चाललं होतं. डाग जात होते, आभाळ एकसारखं होत होतं. ह्यांचा हात असा भराभर चालताना मी कित्येक महिन्यांत पाहिला नव्हता. शेवटी हे खाली उतरले, मागे सरले, मान तिरकी करून म्हणाले, ‘बघ, याला म्हणतात आभाळ.’

लेकीने लाल दिवा बंद केला आणि कामाचा साधा दिवा लावला.

आभाळभर लालभडक फराटे! कुणीतरी टोमॅटोची टोपली भिरकावल्यासारखे. ह्यांनी पांढऱ्याऐवजी लालचा डबा उचलला होता. चाळीस वर्षांचा रंगारी, ज्याला रंग वासावरून कळतो, त्याने लाल आणि पांढऱ्यात गल्लत केली. सुतार फळी टाकून हसले. कुणीतरी म्हणालं, ‘काका, घरी बसा आता.’ ह्यांनी डब्यात बोट घातलं, डाव्या नखावर लावलं, आणि त्या नखाकडे बघतच राहिले. मला रडू आलं. खरंच आलं.

लेक एकटी हसली नाही. ती वरून म्हणाली, ‘बाबा, चूक तुमची नाही. लाल उजेडात लाल आणि पांढरा सारखाच दिसतो. कुणालाही. हे बघा.’ आणि तिने पुन्हा लाल दिवा लावला. फराटे गेले! नाहीसे! आभाळ स्वच्छ. मग लाल विझवून तिने निळा-हिरवा मिळून मोरपंखी उजेड टाकला. तेच फराटे काळेकुट्ट होऊन पुढे आले.

हे दोन पावलं पुढे गेले.

‘परत लाल कर.’

फराटे गेले.

‘परत तो दुसरा.’

आले.

‘हळूहळू कर. एक कमी, एक जास्त.’

तिने लाल हळूच उतरवला, मोरपंखी हळूच चढवला, आणि त्या रिकाम्या आभाळात ते फराटे कुठूनसे उमलत आले. हे दोन्ही हात डोक्यावर ठेवून ओरडले, ‘अगं पानं! पानं फुटतायत!’

बासष्ट वर्षांचा माणूस, गुडघ्यांची बोंब, आणि रंगमंचावर चक्क नाचायला लागला. ‘खोड काळं ठेवायचं, पानं लाल रंगवायची! संध्याकाळी लाल उजेडात पानं दिसायचीच नाहीत, झाड वठलेलं. पहाटे हा उजेड चढला की झाड भरलं! उतर खाली, उतर लवकर, मला समजावून सांग हे काय आहे.’

लेक शिडीवरून जवळजवळ उडी मारूनच उतरली. दोघं रंगमंचावर मांडी घालून बसली, आणि आठ वर्षं अडलेली गाडी जी सुटली ती विचारू नका.

‘बाबा, रंग उजेड खातो. लाल रंग हिरवा आणि निळा उजेड गिळतो, आणि लाल तेवढा परत देतो. मी नुसता लालच टाकला तर त्याला खायला काही मिळत नाही, सगळं परत. पांढरं कापडही सगळं परत देतं. म्हणून दोन्ही सारखे. आणि मोरपंखी टाकला तर लाल रंग तो सगळा गिळून बसतो. परत काही येत नाही. म्हणून काळा.’

हे नखाकडे बघत म्हणाले, ‘थांब, थांब. म्हणजे मी दोन रंग कालवतो तेव्हा खाणारी तोंडं वाढतात. तीन कालवले की सगळा उजेड फस्त. माझा काळा होतो तो असा!’

‘हो! आणि पिवळ्यात मोरपंखी घातला तर एक निळा खातो, एक लाल खातो...’

‘उरला हिरवा!’ हे ओरडले. ‘आणि दिवे मिसळले तर? दिवे तर काही खात नाहीत.’

‘दिवे देतात. एकात एक भर पडते. तिन्ही दिले की पांढरा.’

हे इकडे तिकडे न बघता म्हणाले, ‘तो तुझा पिवळा दाखव.’

मी शिवण टाकून उठले. माझं शिवलेलं पांढरं कापड तिने काठीवर टांगलं. एका बाजूने लाल दिवा, दुसऱ्या बाजूने हिरवा. कापड पिवळं झालं. चांगलं लख्ख पिवळं, पिकल्या लिंबासारखं. ह्यांनी विश्वास बसावा म्हणून मध्ये हात घातला, तर हाताच्या दोन सावल्या पडल्या, एक लाल आणि एक हिरवी! लाल दिवा अडला तिथे नुसता हिरवा, हिरवा अडला तिथे नुसता लाल. ह्यांनी दोन्ही हात घातले. मग मला ओढलं. मग सुतारांना. थोड्या वेळाने आम्ही सगळी मोठी माणसं हात हलवून सावल्या बघत होतो, आणि कुणालाही कामाची शुद्ध नव्हती.

‘आठ वर्षं,’ हे लेकीला म्हणाले. ‘मी येऊन बघायला हवं होतं गं.’ तिने मान फिरवली आणि डोळे पुसले. मी पुसले नाहीत, मला लपवायचं काय कारण?

पण नुसतं समजून भागत नव्हतं. गुरुवारी दिग्दर्शकबाईंना दाखवायचं होतं, आणि हातात पुरते दोन दिवसही नव्हते. हिरव्या अंगणाचा जुना पडदा यासाठी कुचकामी होता. पार्श्वभूमी फिकट हवी होती. ह्यांनी माझ्या हातातलं पांढरं कापड बघितलं. ‘हेच,’ म्हणाले. जे कापड ह्यांना घरी बसवणार होतं, तेच रंगखोलीत पसरलं. खुर्च्यांवर डबे ठेवले, म्हणजे त्यांचाही काही उपयोग झाला.

बुधवारी सकाळी झाड उभं राहिलं. खोड आणि फांद्या ह्यांच्या हातच्या काळ्याने, पानं लाल. दुपारी टांगलं आणि लेकीने लाल उजेड सोडला. पानं गेली, पण पुरती गेली नाहीत. प्रत्येक पानाचा तपकिरी डाग उरला होता. झाडाला जणू गोवर निघाला होता. लेकीचा चेहरा उतरला. ‘दिवा यापेक्षा लाल होत नाही, बाबा. माझ्याकडे एवढाच आहे.’

‘दिव्याला हात लावू नकोस,’ हे म्हणाले. ‘माझा लाल जास्त खातोय. त्याचं तोंड मी बांधतो.’

आणि मग मी ते काम पाहिलं, ज्यासाठी चाळीस वर्षं लागतात. ह्यांनी लालमध्ये थेंबभर नारिंगी घातला, मग पिवळा, नखावर लावलं, नख लाल उजेडात धरलं, फडक्याने पुसलं, पुन्हा लावलं. ओला रंग गडद दिसतो, वाळला की उजळतो, तेही मनात धरून. उलट आभाळही किंचित खाली उतरवलं, नुसतं पांढरं न ठेवता त्यात करड्याची एक झाक दिली, म्हणजे आभाळ आणि पानं मधल्या वाटेवर भेटतील. लेक शेजारी बसून एकेक डबा कालवत होती. तिच्याही डाव्या नखावर रंग चढला. तिचा लालाने भरलेला कुंचला चुकून हिरव्याच्या डब्यात गेला, तिने तो ढवळला आणि आत बघून स्वतःशीच हसली. काय झालं ते तिने सांगितलं नाही.

बाविसावा डबा जमला. लाल उजेडात नख आणि आभाळ एक झालं. ह्यांचा अंगठा आम्हाला नखाशिवायचा दिसत होता!

संध्याकाळच्या झाडावर ह्यांनी स्वतःच्या मनाने एक भर घातली. फांद्यांवर मोरपंखी रंगाचे पाच पक्षी बसवले. लाल उजेडात ते काळे दिसत, आणि मोरपंखी उजेड चढला की नाहीसे होत. ‘पहाट झाली, उडाले,’ हे म्हणाले, आणि स्वतःच्याच करामतीवर लहान पोरासारखे खूश झाले.

गुरुवारी दुपारी दिग्दर्शकबाई येऊन पहिल्या रांगेत बसल्या. वठलेलं झाड बघून म्हणाल्या, ‘छान आहे काका, पण वठलेलंच आहे.’

‘वठलेलंच आहे,’ हे विंगेतून म्हणाले. ‘पोरी, पहाट कर.’

लेकीने पहाट केली. एकेक पक्षी फिका होत गेला. फांदीच्या टोकाला एक सावली उमटली, मग दुसरी, मग सगळं झाड भरत आलं, भरत आलं, गच्च झालं. दिग्दर्शकबाई उठून उभ्या राहिल्या. तोंडावर हात. मग धावत रंगमंचावर आल्या, पडद्याला हात लावला, मागे जाऊन बघितलं की मागे कुणी दुसरा पडदा धरून उभं आहे का. नव्हतं. मागे फक्त माझी शिवण होती.

शुक्रवारी पहिला प्रयोग. चार वाजले, दिवेवाले आले, आणि हे घरी निघाले नाहीत. धुतलेला सदरा घालून माझ्या शेजारी, मधल्या रांगेत बसले. चाळीस वर्षांत पहिल्यांदा. नाटकातली बाई काय बोलली ते ह्यांना विचारू नका. पहाट झाली, झाड पालवलं, आणि सगळ्या नाट्यगृहाने एकदम श्वास घेतला तो मला ऐकू आला. मग टाळ्या. नट थांबले इतक्या टाळ्या. हे पडद्याकडे बघतच नव्हते. मान वळवून मागे, वर, दिव्यांच्या खोलीकडे बघत होते, आणि तिथल्या काचेमागे आमची लेक दोन्ही हात कळांवर ठेवून, खाली आमच्याकडे बघून रडत होती.

प्रयोगानंतर आम्ही रंगखोलीत चहा घेत होतो. खुर्च्या कुणी नेल्या कोण जाणे, पण जागा मोकळी झाली होती. तेवढ्यात दिग्दर्शकबाई आत आल्या. चेहऱ्यावरून आनंद नुसता ओसंडत होता.

‘काका, पुढच्या नाटकाचंही आभाळ तुमचंच. आणि तुम्ही दोघांनी मिळून करायचं. मला पिवळं हवंय, पण दोन रंगांतून झालेलं. मला सांगा, लाल आणि हिरवा मिळून काय होतं?’

‘पिवळा!’ हे म्हणाले.

‘चिखल!’ लेक म्हणाली.

दोघांनी एकमेकांकडे बघितलं.

‘अगं, पिवळा,’ हे म्हणाले. ‘मी डोळ्यांनी पाहिलाय.’

‘बाबा, चिखल. मी हातांनी कालवलाय.’

दिग्दर्शकबाई कधी ह्यांच्याकडे, कधी तिच्याकडे बघायला लागल्या. मी त्यांच्यासाठी कप भरला आणि म्हटलं, ‘बसा बाई. आधी चहा घ्या.’